कबरीवरचं रान काढण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यातल्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत तुमच्या पणजोबांची कबर आहे. ते १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर उभी संगमरवरी पाटी, भोवती लोखंडी कठडा, जोत्याच्या कोपऱ्यांना तडे. सगळ्यावर घाणेरी आणि वेली, आणि जोत्याच्या फटीतून मनगटाएवढा पिंपळ. चर्चच्या तरुण मंडळातली वीस मुलं दोन रविवार द्यायला तयार आहेत. बेत असा: कोयत्यानं रान काढायचं, पिंपळ उपटायचा, पाटी ॲसिड आणि तारेच्या ब्रशनं घासायची, फटी सिमेंटनं बुजवायच्या, वरून पांढरा ऑइल पेंट. हे सगळं २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या दिवसाच्या आत. "एवढं पुरेल ना?" असं तुम्ही विचारलंय.

पुरेल म्हणजे काय, कबरच उरणार नाही. रागावू नका. दगडाच्या डागडुजीचं काम मी पंचवीसेक वर्षं करतोय आणि आतापर्यंत रानानं मोडलेल्या कबरींपेक्षा उत्साहानं मोडलेल्या कबरी जास्त पाहिल्यात. शंभर वर्षं झाडोऱ्यात गाडलेली पाटी बऱ्याचदा वाचता येते. एकदा ॲसिडनं धुतलेली पाटी दहा पावसाळ्यांत कोरी होते.

तेव्हा पहिली गोष्ट तारखेची. २ नोव्हेंबरला फुलं वाहा, प्रार्थना करा, पण दुरुस्ती त्या दिवसाला बांधू नका. ऑक्टोबरात पुण्याची जमीन अजून भिजलेली असते. जुन्या कबरींखाली विटांची पोकळी असते, शवपेटी कुजून बसलेली असते, आणि ओल्या मातीवर वीस जण नाचले की ती पोकळी खचते. माझा एक मदतनीस मांडीपर्यंत आत गेला होता, नशिबानं पाय मोडला नाही. कामाचे खरे महिने नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. जमीन घट्ट, ऊन सोसवणारं, चुन्याला वाळायला सवड. कबरीच्या सपाट शिळेवर कधीच उभं राहायचं नाही. बाजूनं वावरायलासुद्धा जाड फळ्या टाका आणि पहारीच्या दांड्यानं आधी जमीन ठोकून बघा. पोकळ आवाज आला की तिथे चुन्याची खूण करून दोरी बांधायची, मुलांना लांब ठेवायचं. उभी पाटी डुगडुगत असेल तर तिच्या पडण्याच्या दिशेला कुणी बसून काम करायचं नाही. साधी पाटीसुद्धा शंभर-दीडशे किलोची असू शकते.

परवानगीचं लांबण लावत नाही. दफनभूमी ज्यांच्या ताब्यात आहे (चर्चची समिती असेल, कॅन्टोन्मेंट असेल) त्यांची लेखी संमती घ्या. कबर तुमच्या घराण्याची असली तरी जमीन तुमची नसते. झाड तोडायला वेगळी परवानगी लागते: महापालिकेच्या हद्दीत १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत त्यांचं स्वतःचं कार्यालय. आणि शेजारच्या कबरीला, ती कितीही केविलवाणी दिसली तरी, हात लावायचा नाही. तिचे वारस उद्या उगवतात आणि "आमच्या आजीचा क्रूस कुठे गेला" म्हणून भांडण लागतं. भारतीय न्याय संहितेत दफनस्थळी घुसखोरी करून भावना दुखावण्याबद्दल स्वतंत्र कलम आहे, ३०१. तिथवर कशाला जायचं?

आता पहिला रविवार. त्या दिवशी कोयता घरी ठेवा. वही, मोजपट्टी, मोबाइल, एक आरसा आणा. आरसा लागतोच.

आहे तसा फोटो काढायचा, चारही बाजूंनी, मोजपट्टी धरून. कबर कुठे आहे ते वाटेपासून पावलं मोजून लिहायचं. कुठला दगड कुठे झुकलाय, कुठे सांधा सुटलाय, वेल कशाला धरून आहे, हे हातानं काढलेल्या कच्च्या आकृतीवर मांडायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण पाटी उद्या पडली आणि तीन तुकडे झाले, तर कुठला तुकडा कुठला हे याच कागदावरून कळतं. सुरुवातीच्या वर्षांतली माझी एक चूक सांगतो. एका कबरीवरचा वेल आम्ही सकाळी मोकळा केला, दुपारी चहा प्यायलो, संध्याकाळी कुलूप लावून गेलो. दुसऱ्या दिवशी क्रूस आडवा. तो क्रूस वेलानं पाडला नव्हता, वेलानंच धरून ठेवला होता. आमच्याकडे आधीचा एकही फोटो नव्हता. तुकडे जुळवायला आठ दिवस गेले आणि एक हात आजही थोडा फिरलेला आहे. बघणाऱ्याला कळत नाही, मला कळतं.

अक्षरं वाचण्यासाठी खडू फासू नका, पीठ लावू नका, शेव्हिंग फोम तर अजिबात नको. खडूचा कण दगडाच्या छिद्रात बसतो, पिठावर बुरशी पोसते. त्यासाठी आरसा. दगडाच्या एका बाजूला उभं राहून आरशानं ऊन असं फेकायचं की ते पाटीला जवळजवळ घासून जाईल. सपाट वाटणाऱ्या दगडावर अक्षरांच्या सावल्या उठतात. पहिल्यांदा पाहणारी मुलं ओरडतात, मोठी माणसंही. रात्री बॅटरी बाजूनं धरली तरी तेच होतं.

संगमरवरी पाट्यांवर त्या काळी शिशाची अक्षरं बसवत. ही अक्षरं दगडात भोकं पाडून त्यांत ठोकलेली असतात. शिसं चोरीला गेलं किंवा गळून पडलं, तरी भोकं राहतात, आणि प्रत्येक अक्षराच्या भोकांची मांडणी ठरावीक असते. दोनचार शाबूत अक्षरांची भोकं नीट बघून घेतली की गायब अक्षरं कोड्यासारखी सुटत जातात. उरलेलं शिसं मऊ असतं. त्यावर ब्रश आपटला तर अक्षर हातात येईल.

पुण्याच्या जुन्या दफनभूम्यांत भाषांची सरमिसळ असते. मराठी ख्रिस्ती कबरींवर देवनागरी, शेजारी इंग्रजी. बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू समाजाच्या कबरींवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी एकाच दगडावर सापडतात. जी लिपी येत नाही ती हातानं उतरवू नका, फोटो काढा. सालांचा घोळ मात्र सोपा आहे: शके असेल तर ७८ मिळवा, हिब्रू साल असेल तर ३७६० वजा करा, वर्षाच्या सुरुवातीच्या-शेवटच्या महिन्यांत एखाद्या वर्षाचा फरक पडतो. पाटी पूर्ण वाचता आली नाही तर कागद बघा. चर्चच्या दफन नोंदवह्या आधी. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' या क्रमांकाखाली आहेत. सगळ्याच देशी ख्रिस्ती दफनांच्या नोंदी त्यांत मिळतील असं नाही, पण शोधायला हरकत नाही. १९१८च्या साथीतला माणूस असेल तर नोंदवहीत त्या पानावर एकाखाली एक नावं दिसतील, मन घट्ट करून जा.

एक बाजूची गोष्ट. जुन्या दफनभूमीत मध्येच एखादी एकसारख्या घडणीची, वर हलकी कमान असलेली पांढरट पाटी दिसली आणि तीवर पलटणीचं चिन्ह असलं, तर तिच्यापासून चार हात लांब राहा. ती बहुधा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची असते. १९१७ साली सनदेनं स्थापन झालेली ही संस्था फक्त दोन महायुद्धांतल्या मृतांचं बघते, आणि तिची माणसं त्या कबरींची देखभाल स्वतः करतात. खडकीला त्यांची दफनभूमी पाहून या. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत तिथे, हिरवळ कशी राखायची आणि दगड न रंगवता कसा स्वच्छ दिसतो, याचा वस्तुपाठ आहे. तिथेच १९१४-१८चं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातले जे अठराशेहून अधिक सैनिक भारतात ठिकठिकाणच्या छावणी-दफनभूम्यांत पुरले गेले आणि ज्यांच्या कबरी राखणं पुढे जमलं नाही, त्यांची नावं तिथे कोरली आहेत. कबर गेली तरी नाव राहिलं, कारण कुणीतरी आधी यादी केली होती. वहीचा आग्रह मी धरतोय तो यासाठी.

दुसऱ्या टप्प्यात रान. हे मुलांचं आवडतं काम, त्यामुळे इथेच लगाम हवा.

गुडघ्यापर्यंत बूट, जाड हातमोजे, पूर्ण बाह्या. घोणस आपल्याकडे भरपूर, आणि थंडीच्या दिवसांत ती उन्हाला दगडांवर येते. काठी आपटत पुढे जायचं, दगडाखाली हात घालायचा नाही, आणि चावलीच तर बांधाबांध, चिरा देणं असले प्रकार न करता अवयव स्थिर ठेवून गाडी थेट ससून रुग्णालयाकडे वळवायची. आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी काम बंद. गाजर गवताची कुणाला ॲलर्जी असेल तर त्याला वहीच्या कामावर ठेवा. हे गवत भारतात पसरल्याच्या सुरुवातीच्या नोंदी आपल्या पुण्यातल्याच, १९५०च्या दशकातल्या. म्हणजे तुमच्या पणजोबांना ते ठाऊकही नव्हतं. फुलोरा येण्याआधी मुळासकट उपटलं तरच उपयोग, नाहीतर आपणच बी पेरत हिंडतो.

घाणेरी कापून चालत नाही, बुंध्याचा गड्डा खणून काढावा लागतो, पण दगडापासून हातभर अंतराच्या आत खणायचं नाही. तिथे फक्त कापा आणि दर महिन्याला फुटवे खुडा. वेल ओढायचा नाही. तळाशी कापा, तीनचार आठवडे वाळू द्या, मग तो कागदासारखा सुटतो. हिरवा ओढलात तर दगडाचा पापुद्रा घेऊन येईल. गुळवेल असेल तर तिला तळाशी कापून समाधान मानू नका. ती वरून सुतळीसारखी मुळं सोडून पुन्हा जमिनीला टेकते. मी तिला एकदा मेली म्हणून सोडून दिलं होतं, पुढच्या श्रावणात ती माझ्यापेक्षा ताजीतवानी होती.

आता पिंपळ. बोटाएवढं रोप असतं तर पावसाळ्यात माती मऊ असताना अलगद सोडवून मुळासकट काढता आलं असतं. मनगटाएवढा झाला म्हणजे त्याची मुळं जोत्याच्या आत, दगडांच्या मागे, सांध्यांत पसरलीत. हे झाड आज एकाच वेळी जोतं फोडतंय आणि बांधूनही ठेवतंय. उपटलंत तर जोतं सोबत येईल. परवानगी मिळाल्यावर तो टप्प्याटप्प्यानं कापायचा, आणि शेवटचा काप घेतल्यावर काही मिनिटांतच, चीक वाहत असतानाच, ताज्या कापावर ब्रशनं तणनाशक लावायचं. फवारायचं नाही, फक्त सालीलगतच्या कडेवर लावायचं. उशीर झाला तर झाड जखम बंद करतं आणि औषध वरच्यावर राहतं. ग्लायफोसेट हे तणनाशक २०२२पासून केंद्र सरकारनं पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरतं मर्यादित केलंय, म्हणून हे एक काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या. खुंट तसाच ठेवायचा. वर्ष-दोन वर्षांत मुळं कुजतात, आकसतात, मग पोकळी चुन्यानं भरायची. हिंगाचा उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेलच. खोडाला भोक पाडून हिंग भरायचा, झाड मरतं म्हणतात. मी दोनदा करून पाहिला. पिंपळाला काही झालं नाही, माझ्या पिशवीला मात्र महिनाभर फोडणीचा वास येत होता.

सगळंच रान काढू नका हेही सांगून ठेवतो. दगडावर राखाडी-केशरी गोल डाग दिसतात ते दगडफूल. काळ्या पाषाणावर ते वर्षानुवर्षं बसलेलं असतं आणि फारसं नुकसान करत नाही. अक्षरांवर नसेल तर राहू द्या. कबरींमधलं गवत खरवडून लाल माती उघडी केलीत तर पुढच्या पावसात चिखल उडून पाट्या रंगतील आणि जोत्याखालची माती वाहून जाईल. पावसाळ्यात दोनदा विळ्यानं गवत कापा, बस्स.

स्वच्छता. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, सह्याद्रीच्या लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो पुष्कळ सोसतो. संगमरवर सोसत नाही. तो मुळात चुनखडी, आणि ॲसिड चुनखडी खातं. फेस येतो ना, तो तुमच्या पाटीचा पृष्ठभाग हवेत उडतोय. दिसायला लगेच शुभ्र होतं, म्हणून लोक खूश होतात. पण वरचा घट्ट थर गेल्यावर आतले कण उघडे पडतात, हात फिरवला तर साखरेसारखे सुटतात. ब्लीचिंग पावडरचे क्षार आत जाऊन दर पावसाळ्यानंतर स्फटिक होतात आणि आतून दगड फोडतात. तारेच्या ब्रशचे ओरखडे पडतात, वर लोखंडाचे कण गंजून तपकिरी डाग देतात. प्रेशर पंप तर बघायलाही आणू नका.

मग काय वापरायचं? स्वच्छ पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. आधी हाताचं नख लावून बघा: कण सुटत असतील, पापुद्रे उठत असतील किंवा ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर ती पाटी धुवायचीच नाही. घट्ट असेल तर पूर्ण पाटी आधी चिंब करा, मग खालून वर घासत जा आणि सतत पाणी सोडत राहा. वरून सुरुवात केली की मळकं पाणी खालच्या कोरड्या दगडात मुरतं आणि ओघळाचे डाग कायमचे बसतात. शेवाळ चिवट असेल तर लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी. डाग पूर्ण गेला नाही तर नाही. शंभर वर्षांच्या दगडानं शंभर वर्षांचं दिसण्यात वाईट काय आहे?

ऑइल पेंटबद्दल. मला कळतं, दरवर्षी नोव्हेंबरच्या आधी कबर रंगवायची ही आपल्याकडची माया आहे. पूर्वी चुन्याची सफेदी असे, आणि ती चालायची, कारण चुना श्वास घेऊ देतो. ऑइल पेंट दगडाचं तोंड दाबतो. जमिनीतली ओल वर चढते, बाहेर पडायला वाट मिळत नाही, रंगाखाली क्षार साठतात आणि एके दिवशी रंगासकट दगडाची साल येते, अक्षरांसकट. जोत्याचा गिलावा असेल तर त्याला चुन्याची सफेदी करा, पाटीला काहीही लावू नका.

सांध्यांचं काम मुलांकडून करून घेऊ नका, पण त्यांना शेजारी बसवून दाखवा. जुन्या जोत्यांचे दगड चुन्यात बसवलेत. सिमेंट त्या चुन्यापेक्षा फार कडक. दगड ऊन-पावसात हलतो, सिमेंट हलत नाही, मग सांध्याऐवजी दगडाची कड तुटते. शिवाय सिमेंट पाणी अडवतं. सांधे भरायला चुनाच हवा: कळीचा चुना विरवून निदान काही आठवडे पाण्याखाली मुरलेला, त्यात चाळलेली नदीची वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड. मी साधारण एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू घेतो, पण मूळ गाऱ्याचा, म्हणजे सांध्यातल्या जुन्या मिश्रणाचा, तुकडा फोडून त्यातली वाळू बघितल्याशिवाय ठरवत नाही. सांधा साफ करून पाण्यानं भिजवायचा, गारा थापीनं आत दाबून भरायचा, आणि ओलं गोणपाट किमान पंधरा दिवस. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू पुन्हा दगड होतो, त्याला घाई चालत नाही. बाजारातले गवंडी म्हणतील, "साहेब, थोडं सिमेंट टाकू, लवकर धरेल." नको म्हणा. गूळ, हिरडा, बेलफळ घालायचं की नाही यावर आमच्यात वाद आहेत. तुमच्या दोन ओळी सांध्यांसाठी त्या वादात पडायची गरज नाही. पूर्वी कुणी सिमेंट भरलं असेल आणि ते घट्ट धरून असेल, तर छिन्नीनं काढायला जाऊ नका. काढताना जास्त मोडतं.

पाटी झुकली असेल तर ती सरळ करणं हे तीन खांबांचं तिकाटणं, चेन पुली आणि दोन अनुभवी पाथरवटांचं काम आहे, ओळंबा आणि पाणसळ हातात घेऊन. अंगठ्याएवढा कल असेल तर सोडून द्या. तुटलीच असेल तर तुकडे अराल्डाइटनं चिकटवू नका. ते पिवळं पडतं, आणि पुढे नीट जोडायला आलेल्या माणसाला आधी ते खरवडावं लागतं. तुकड्यांना क्रमांक द्या (कागदाच्या चिठ्ठीवर, दगडावर नाही), आणि मातीला न टेकवता वाळू-खडीवर, थोड्या उतारावर ठेवा.

लोखंडी कठड्याकडे मात्र लगेच लक्ष द्या. गंज चढला की लोखंड मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगतं, आणि त्याचे पाय दगडात रोवलेले असतात. जोत्याच्या कोपऱ्यांना तडे गेलेत म्हणता ते पिंपळामुळे कमी आणि या पायांमुळे जास्त असावेत. सुटा गंज हातानं काढून गंजरोधक प्रायमर द्या, दगडावर ठिपका पडू न देता. वेल्डिंग जागेवर नको, ठिणगीनं संगमरवर पोळतो.

खणताना हाड दिसलं तर तिथेच थांबा, माती परत ओढा, समितीला आणि फादरना कळवा. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

२ नोव्हेंबरला मेणबत्त्या थेट जोत्यावर किंवा पाटीपुढच्या शिळेवर चिकटवू नका. मेण दगडात शिरतं आणि त्यावर धूळ बसून काळा डाग होतो, जो मुलतानी मातीचे लेप देऊन देऊन काढावा लागतो. मातीच्या पणतीत किंवा वाळू भरलेल्या ताटलीत लावा.

आणि मला दोन फोटो पाठवा. एक पिंपळाच्या बुंध्याचा, शेजारी मोजपट्टी धरून. दुसरा पाटीच्या पायाचा, जिथे ती जोत्यात बसते तिथला, सकाळी आठच्या आसपास बाजूनं ऊन असताना. तिथे तपकिरी ओघळ दिसतोय का ते नीट बघा. असला तर पाटीच्या आत लोखंडी खिळा आहे, आणि मग पिंपळाच्या आधी त्याचं बघावं लागेल.